शिंदीचा गूळ, मोहाचं फूल आणि आमचं मुलचेरा

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा, मगच वाचा.

महाशिवरात्रीला थंडी 'शिव शिव' म्हणत निघून जाते, असं आपल्याकडे म्हणतात. आमच्या गडचिरोलीत तर हे अगदी मोजून घडतं. मार्कंड्याला वैनगंगेच्या काठी जत्रा भरते, लोक अंगावर शाल घेऊन जातात आणि परत येताना शाल पिशवीत असते. त्याच आठ-पंधरा दिवसांत आमच्या मुलचेऱ्याच्या आठवडी बाजारात एक गोष्ट घडते, जी मी लहानपणापासून बघत आलोय. एका कोपऱ्यात बंगाली माणूस हंगामातला शेवटचा शिंदीचा गूळ घेऊन बसलेला असतो. आणि थोड्याच दिवसांत, तिथून चार पावलांवर, एखादी आदिवासी आजी टोपलीत यंदाचं पहिलं मोहफूल घेऊन येते.

एक झाड बंद होतं आणि दुसरं सुरू होतं. आपल्या सगळ्यांच्या तोंडात दारूच्या नावानं बदनाम झालेली ही दोन झाडं. पण आमच्या घरात ती आली ती गोड म्हणून. आज त्याचाच इतिहास सांगायचा आहे, कारण तो कुठल्या पाठ्यपुस्तकात नाही आणि त्याचे परिणाम मात्र अजून चालू आहेत.

माझे वडील शिक्षक. बदली होऊन आम्ही मुलचेरा तालुक्यात आलो तेव्हा मी दुसरीत होतो. शेजारी सगळी बंगाली वस्ती. वडिलांना सगळे 'माष्टारमोशाय' म्हणायचे आणि मी 'माष्टारमोशायचा पोरगा'. शेजारच्या आजोबांना आम्ही दादू म्हणायचो. थंडीत पहाटे दादू शिंदीच्या झाडावरून मडकी उतरवायचे. आम्ही पोरं ग्लास घेऊन रांगेत. तो गार, गोड, किंचित धुरकट रस ज्यानं प्यायलाय त्याला मी काय सांगतोय ते कळेल. ज्यानं प्यायला नाही त्याला सांगून उपयोग नाही.

सूर्य वर यायच्या आत मडकं खाली यायलाच हवं. ऊन लागलं की रस आंबायला लागतो. मग त्याचा गूळ होत नाही, शिंदी होते. म्हणजे गूळ आणि दारू यांच्यात फरक काय, तर दोन-तीन तासांच्या उन्हाचा. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

दादूंचं काम म्हणजे खरं शास्त्र होतं. पावसाळा सरला की झाडाच्या शेंड्याखालची एक बाजू साफ करायची, सोलायची, काही दिवस सुकू द्यायची. मग धारदार कोयत्यानं पातळ काप घ्यायचा, बांबूची छोटी नळी ठोकायची आणि संध्याकाळी मडकं बांधायचं. काप खोल गेला तर झाड मरतं, उथळ राहिला तर रस येत नाही. दोन-तीन दिवस रस काढला की झाडाला तितकीच विश्रांती. विश्रांतीनंतरच्या पहिल्या रसाला बंगालीत 'जिरेन' म्हणतात, त्याचा गूळ सगळ्यात चांगला. रोज मडकी धुऊन, धूर देऊन वाळवायची. घरी काकीमा मोठ्या पसरट कढईत रस आटवायच्या, तीन-चार तास, सारखं ढवळत. साधारण आठ-दहा किलो रसाला एक किलो गूळ. पातळ ठेवला तर 'झोला', वडी पाडली तर 'पाटाली'. थंडीच्या सुरुवातीचा नवा गूळ म्हणजे 'नोलेन गुर', ज्यासाठी कोलकात्याची मिठाईची दुकानं वर्षभर वाट बघतात.

१४ जानेवारीला आमच्याकडे तिळगूळ आणि त्यांच्याकडे पौष संक्रांतीची पिठे. पाटीशापटा, दूधपुली, पायेश. ताटं इकडून तिकडे जायची. आईनं एका वर्षी तिळाच्या लाडवात शिंदीचा गूळ घातला. लाडू काही नीट वळले नाहीत, पण पुन्हा तिनं संक्रांतीला उसाचा गूळ आणला नाही. होळीच्या पुरणासाठीसुद्धा ती शेवटच्या खेपेतला एक तुकडा डब्यात राखून ठेवायची. आमच्या पुरणपोळीला किंचित धुराचा वास यायचा. नागपूरचे पाहुणे विचारायचे, "पुरण करपलं का गं?" आई काहीच बोलायची नाही.

आता प्रश्न असा, की हा गूळ मुलचेऱ्यात आला कुठून?

डिसेंबर १९६३ मध्ये श्रीनगरच्या हजरतबल दर्ग्यातून पवित्र अवशेष चोरीला गेला. त्याचे पडसाद दोन हजार किलोमीटरवर पूर्व पाकिस्तानात उमटले. जानेवारी १९६४ मध्ये खुलना आणि इतर भागांत दंगली झाल्या आणि हिंदूंचे, त्यातही गरीब शेतकरी नमःशूद्रांचे लोंढे भारतात आले. पश्चिम बंगालनं जागा नाही म्हणून हात वर केले होते. रायपूरजवळच्या माना कॅम्पमध्ये माणसं तंबूंत ठेवली गेली आणि तिथून दंडकारण्यात, आपल्या तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात पाठवली गेली. चामोर्शी, मुलचेरा भागात जंगल तोडून गावं वसवली. गावांची नावं बघा: विवेकानंदपूर, सुंदरनगर, मथुरानगर, देशबंधूग्राम, खुदिरामपल्ली. आणि त्यांच्या शेजारी आंबटपल्ली, बोलेपल्ली, वेंगनूर. एका तालुक्याची नुसती यादी वाचली तरी बंगाली, तेलुगू, गोंडी, मराठी सगळं कानात वाजतं.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. जे जंगल तोडलं ते मोकळं नव्हतं. गोंड-माडियांच्या कित्येक पिढ्या त्यावर जगत होत्या. त्यांना कुणी विचारलं नाही. आणि जे आले त्यांनाही कुणी विचारलं नव्हतं, की बाबांनो, नदीनाल्यांच्या मुलखातून तुम्हाला सागाच्या जंगलात नेतोय, चालेल का? एका फाटक्या माणसाच्या उशाशी दुसरा फाटका माणूस आणून झोपवला. नंतर दोघांत भांडणं झाली की शहरातले लोक म्हणायला मोकळे, हे एकमेकांचे शत्रू आहेत.

दादू सांगायचे, "आलो तेव्हा सगळं जंगल अनोळखी. भीती वाटायची. एक दिवस नाल्याकाठी गेलो आणि बघतो तर खेजूर! आपल्या गावचं झाड! मी त्याला हात लावून रडलो, बाबू."

खेजूर म्हणजे आपली शिंदी. तेच झाड. आमच्याकडे तिचे फडे करतात, चटया विणतात, शिंदोळ्या पोरं खातात आणि आंबलेला रस पितात. सिरोंचाकडे ताडी, भामरागडकडे गोरगा, इकडे शिंदी. झाडातून रस काढायची विद्या इथे होतीच. तो रस उन्हाच्या आधी चुलीवर चढवायची विद्या दादूंनी आणली. घर सुटलं, शेत सुटलं, हातातली कला तेवढी राहिली, कारण ती काढून घेता येत नाही.

गंमत बघा, विदर्भात हा गूळ त्याच्या पंचवीस-तीस वर्षं आधी एकदा होऊन गेला होता. डिसेंबर १९३४ मध्ये अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि त्याचं काम वर्ध्याच्या मगनवाडीत सुरू झालं, जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली. १९३६ मध्ये गांधीजी शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले. त्या भागात शिंदी भरपूर. गजानन नाईक यांनी तिथे शिंदीची नीरा काढून गूळ करण्याचे प्रयोग केले आणि पुढे आयुष्यभर ताडगुळाचंच काम केलं. गांधीजी या गुळाचे उघड पुरस्कर्ते होते. हिशेब साधा होता: उसाला चांगली जमीन लागते, पाणी लागतं. शिंदी पडीक जागेत, नाल्याकाठी आपोआप उगवते. दारूबंदी झाली तर ताडी-शिंदी काढणारा माणूस उपाशी मरणार. त्याच्या हातातला कोयता तसाच ठेवून मडक्यातली दारू बदलून गूळ करा.

म्हणजे आमच्या दादूंना जे आईच्या दुधाबरोबर मिळालं होतं, ते वर्ध्यात देशाच्या अर्थकारणाचा विचार म्हणून मांडलं गेलं होतं. आणि मुलचेऱ्यात, जिथे ही विद्या जिवंत होती, तिथे हा विचार कुणी घेऊन आलंच नाही. तिथे पोचला तो कायदा.

आता कायद्याकडे येतो. इंग्रजांना मोह आणि ताडीची झाडं म्हणजे अबकारी महसूल वाटायचा. लोकांनी घरी दारू गाळली तर सरकारी ठेक्याचं नुकसान. म्हणून मुंबई इलाख्यात १८९२ साली मोहफुलांसाठी स्वतंत्र कायदा केला गेला. ठाणे-कुलाब्याकडच्या लोकांनी तेव्हाही ओरडून सांगितलं की हे गरिबाचं अन्न आहे. कुणी ऐकलं नाही. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये मुंबई दारूबंदी कायदा आला. त्यात मोहफूलही आलं आणि ताडाच्या जातीच्या झाडांचा रसही आला. १९५६ साली विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि पुढे हा कायदा आमच्याकडेही लागू झाला. समुद्रकाठच्या अबकारी खात्याचा चष्मा, जंगलातल्या माणसाच्या नाकावर!

त्या चष्म्यातून झाडाला नळी ठोकलेली दिसली की ताडी दिसते. टोपलीत मोह दिसला की हातभट्टी दिसते. नीरेसाठी परवान्याची सोय आहे, नाही असं नाही. मुंबईत लोकलच्या स्टेशनवर नीरेचे स्टॉल कितीतरी वर्षं चालले. पण दादूंसारख्या माणसानं परवाना कुठून काढायचा, कुणाच्या झाडावर काढायचा, कुठल्या भाषेत अर्ज लिहायचा? मी सहावीत असताना एका सकाळी कुणीतरी साहेब आले आणि त्यांनी दादूंची मडकी फोडली. कुठल्या खात्याचे होते ते आता काढण्यात अर्थ नाही. रस गोड होता, आंबलेला नव्हता. वडिलांनी चाखून दाखवा म्हणून विनंती केली. साहेबांनी चाखला नाही. दादू खाली बसून खापरं गोळा करत राहिले. त्या वर्षी काकीमांनी पिठे केले ते साखरेचे.

आता मोहाचं. शहरातल्या माणसाला मोह म्हटलं की दारू, एवढंच माहीत. अहो, वाळलेल्या मोहफुलात निम्म्याहून जास्त साखरच असते. ऊस, साखर जंगलात पोचायच्या कित्येक शतकं आधी तिथला गोड पदार्थ मोह होता. फुलं उकडून खातात, भाजून तीळ-जवसाबरोबर कुटून लाडू करतात, पिठात घालून भाकर करतात. बियांचं, म्हणजे टोळीचं, तेल निघतं. दुष्काळात मोहानं किती जीव वाचवले त्याची गणती नाही. मोहही पहाटेच पडतो. शिंदीच्या मडक्यासारखंच, उजाडायच्या आत झाडाखाली जावं लागतं. फरक एवढाच की तिथे अस्वल आधी आलेलं असू शकतं. आता वाघही.

मागे बाजारात एका आजीला मी मुद्दाम विचारलं, "आजी, लोक म्हणतात याची दारूच होते."

ती हसली. "लोकायले म्हना, आधी खाऊन त पाहा जी. दारू पिनाऱ्याले दारूच दिसन."

कायदा करणाऱ्यांनी हे वाक्य भिंतीवर लिहून ठेवावं.

इथे काही मित्र म्हणतील, म्हणजे तुझा दारूबंदीला विरोध आहे का? अजिबात नाही. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली ती सरकारनं दान म्हणून दिली नाही. गावागावांतल्या बायांनी ती मिळवली. डॉ. अभय आणि राणी बंग आणि कितीतरी कार्यकर्ते त्यासाठी वर्षानुवर्षं झिजले. नवऱ्याची मजुरी दुकानात जाताना ज्या बाईनं बघितली तिला विचारा बंदी कशासाठी. माझं म्हणणं उलट आहे. बंदी खरी करायची असेल तर या दोन झाडांच्या गोडव्याला बाजारात मानाची जागा द्यावी लागेल. गुळाला भाव मिळाला तर रस आंबवायला कोण ठेवेल? लाडवाला गिऱ्हाईक मिळालं तर भट्टी कोण लावेल? वर्ध्यात नव्वद वर्षांपूर्वी हेच सांगून झालं होतं.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं मोहफुलं गोळा करणं, साठवणं, नेणं यावरचे निर्बंध सैल केले. उशिरा का होईना, चांगलं झालं. शिंदीच्या गुळासाठी मात्र आमच्या भागात असं काही झालेलं माझ्या तरी पाहण्यात नाही. तिकडे पश्चिम बंगालमध्ये जयनगरच्या मोआला, जो याच गुळात बांधतात, २०१५ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याच झाडाचा, त्याच हातांचा गूळ आमच्या बाजारात पोत्यावर मांडून विकतात, आणि घेणारा विचारतो, "यात साखर तर नाही ना मिसळली?" काही जण मिसळतात, खरं आहे. चांगल्याला वेगळा भाव मिळत नसेल तर मिसळणारच.

आणि झाड कुणाचं? हा सगळ्यात अवघड प्रश्न. शिंदी उभी असते नाल्याकाठी, वनात, गायरानात. वनहक्क कायद्यानं गावाला जंगलावर हक्क मिळवता येतो. आपल्याच जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ साली सामूहिक हक्क मिळवून देशाला वाट दाखवली. पण त्याच कायद्यात बिगर-आदिवासींसाठी अट आहे: १३ डिसेंबर २००५ च्या आधी तीन पिढ्या, म्हणजे ७५ वर्षं, तिथे राहून जंगलावर अवलंबून असायला हवं. १९६४ ला आलेल्या माणसाची होतात ४१. ती अट का आहे ते मला समजतं, आदिवासींच्या जंगलावर उपऱ्यांनी हक्क सांगू नये म्हणून आहे. पण दादू उपरे होते ते सरकारनंच आणले म्हणून. दुसरीकडे, नमःशूद्र समाज पश्चिम बंगालात अनुसूचित जातींच्या यादीत, महाराष्ट्रात नाही. साठ वर्षं झाली. तिसरी पिढी मराठी शाळेत शिकून मोठी झाली आणि अजून जातीचा दाखला मागत फिरते आहे.

मग यातून मार्ग काय? मला वाटतं तो बाजारात त्या दोन टोपल्यांच्या मध्येच आहे. ज्या ग्रामसभांकडे सामूहिक वनहक्क आहे त्यांच्या हद्दीत शिंदी उभी आहे. गूळ करायची कला शेजारच्या बंगाली गावात आहे. ग्रामसभेनं झाडं हंगामापुरती रस काढायला द्यावीत, गुळाचा वाटा ठरवावा, काप कसा घ्यायचा हे तिकडच्या पोरांनी इकडच्या पोरांना शिकवावं. नीरा आणि गुळाचा परवाना तालुक्यातच, एका खिडकीवर मिळावा. मार्कंड्याच्या जत्रेत मोहाचे लाडू आणि शिंदीचा गूळ यांना एक शेड द्यावी. यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. झाडाकडे बघायची नजर तेवढी बदलावी लागते.

घाई एवढ्यासाठी की वेळ कमी आहे. दादू गेले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांचा मुलगा चढायचा, आता गुडघे साथ देत नाहीत. नातू हैदराबादला बांधकामावर आहे. शेताच्या बांधावरची शिंदी ट्रॅक्टर फिरायला अडते म्हणून तोडली जाते. मोह वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखाली आग लावतात, ती आग पसरते आणि नाल्याकाठची कोवळी शिंदी होरपळते. तोडलेल्या झाडाच्या जागी उगवलेलं नवं झाड रस द्यायला कित्येक वर्षं घेतं. आणि चढणारा हात एकदा तुटला की तो पुन्हा उगवत नाही.

यंदा महाशिवरात्रीनंतर मी मुलचेऱ्याला गेलो होतो. दादूंच्या मुलाकडे शेवटच्या खेपेतली एकच पाटाली उरली होती. पैसे घ्यायला तयार नाही. "माष्टारमोशायच्या घरी पैसे घेतले तर बाबा वरून ओरडतील." शेवटी मी त्यांच्या नातवंडांसाठी बाजारातून मोहाचे लाडू घेतले आणि ते दिले. घरी आलो, आईच्या हातात पाटाली ठेवली. आईचं वय आता ऐंशीच्या पुढे. तिनं वास घेतला आणि म्हणाली, "डब्यात ठेव. होळी जवळ आली."

तुमच्या भागात अजून कुणी शिंदीचा गूळ करत असेल, किंवा मोहाचा एखादा पदार्थ घरात होत असेल, तर खाली लिहा. नुसतं 'छान' लिहू नका, कृती लिहा.